कळलं तर आपल्याला सांगतील ना?

"मॅडम, परग्रहावरून कुणी येईल याची मला भीती नाही. ते कुणाला तरी आधीच माहीत असेल आणि मला नसेल, याची आहे."

मी समुपदेशक आहे. हे वाक्य मला एका गृहस्थांच्या तिसऱ्या भेटीत ऐकायला मिळालं. आधीच्या दोन भेटी मी वाया घालवल्या होत्या, हे सुरुवातीलाच कबूल करते.

गृहस्थ ४२ वर्षांचे, व्यवसायानं हिशेब तपासनीस. (त्यांच्या परवानगीनं लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) एप्रिल २०२५ मध्ये के२-१८बी या ग्रहाची बातमी आली, तिथून त्यांची झोप बिघडली. १२४ प्रकाशवर्षांवरच्या या ग्रहाच्या वातावरणात डायमिथाइल सल्फाइड किंवा त्याच्यासारख्या वायूच्या खुणा जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीच्या नोंदींत दिसत असाव्यात, असं केंब्रिजच्या एका गटानं म्हटलं होतं. पृथ्वीवर हा वायू मुख्यतः समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींमुळे तयार होतो. मथळे आले, 'जीवसृष्टी सापडली?' दोन दिवसांत त्यातलं प्रश्नचिन्ह गळून पडलं. यांचं मग रात्री दोन-दोन वाजेपर्यंत व्हिडिओ बघणं सुरू झालं. जेवताना विषय तोच.

एका संध्याकाळी त्यांच्या बायकोला नऊ वर्षांच्या मुलीची शाळेची बॅग भरलेली दिसली. आत दोन फ्रॉक, रंगपेटी आणि बाबांचा जुना चार्जर. विचारलं तर म्हणाली, "ते आले तर लगेच निघता यावं म्हणून." दुसऱ्या दिवशी बायकोनं माझ्याकडे वेळ घेतली.

पहिल्या भेटीत मी काय केलं? धीर दिला. "अहो, प्रकाशालाच तिथून इथं यायला १२४ वर्षं लागतात. कोण कशाला येतंय?" त्यांनी ऐकून घेतलं, हसले आणि मांडीवरची वही मिटली. वही मिटलेली मला दिसली होती, तरी मी बोलतच राहिले. दुसऱ्या भेटीत झोपेचं बोललो. फोन झोपायच्या खोलीबाहेर, काळजी करायला संध्याकाळची ठरलेली वीस मिनिटं, झोप सहा आठवडे बिघडलेली असल्यामुळे डॉक्टरांकडून तपासणी. फॉर्म भरावा तसं त्यांनी सगळं निमूटपणे केलं. झोप थोडी सुधारली, माणूस तिथंच राहिला.

तिसऱ्या वेळी मी ती वही बघू का, असं विचारलं. पट्टीनं आखलेले चार रकाने: तारीख, दावा, कोणी केला, पुढे काय झालं. पहिले तीन ठासून भरलेले, चौथा जवळजवळ कोरा.

"हा रकाना रिकामा का?"

"पुढे काय झालं ते कुणी सांगतच नाही ना." आणि मग ते वर दिलेलं वाक्य.

ते तेरा वर्षांचे असताना त्यांचे वडील आजारी पडले. घरात सगळे 'पित्त आहे' म्हणायचे. रिपोर्टांची फाइल कपाटावर, हात पोचणार नाही अशी ठेवलेली. हे खोलीत शिरले की बोलणं थांबायचं. वडिलांच्या शेवटच्या दिवशी यांना खरं सांगितलं गेलं. "पोरगं घाबरेल म्हणून सांगितलं नाही, असं आई नंतर म्हणाली. मी घाबरलेलोच होतो, मॅडम. फक्त कशाला घाबरायचं ते माहीत नव्हतं."

अवकाशातल्या जीवसृष्टीच्या बातमीनं अस्वस्थ होणारी माणसं माझ्याकडे अधूनमधून येतात. कुणाला मुलांची काळजी असते, कुणाला श्रद्धेची. पण चार वाक्यांनंतर बहुतेकांची गाडी इथंच येते: खरं सांगतील का? आणि समाजाच्या पातळीवर मोठमोठी माणसं जे म्हणतात, ते त्या आईच्या वाक्यापेक्षा फार वेगळं नसतं. लोक घाबरतील, गोंधळ होईल.

पण घाबरणारे हे 'लोक' म्हणजे कोण? टेड पीटर्स या धर्मशास्त्राच्या अभ्यासकानं २००८ मध्ये वेगवेगळ्या धर्मांच्या तेराशेहून जास्त लोकांना विचारलं होतं, की परग्रहावर बुद्धिमान जीव सापडले तर तुमच्या श्रद्धेला धक्का बसेल का? बहुसंख्यांचं उत्तर नाही असं होतं. दुसऱ्या धर्मांना मात्र जड जाईल, असं म्हणणारे त्यांच्यात बरेच होते. म्हणजे मी ठीक आहे, शेजाऱ्याचं काही खरं नाही. आणि शेजारीही माझ्याबद्दल हेच म्हणतोय! हे ऐकून ते गृहस्थ पहिल्यांदा मोकळं हसले. १९९६ मध्ये मंगळावरून आलेल्या अशनीत सूक्ष्मजीवांच्या खुणा असल्याची बातमी आली होती. मानसशास्त्रज्ञ मायकल व्हार्नम आणि सहकाऱ्यांनी त्या जुन्या बातमीचा मजकूर नव्यानं लोकांना वाचायला देऊन काय वाटतं ते लिहायला सांगितलं. लिहिण्यात नकारात्मक भावनांपेक्षा सकारात्मक भावनाच जास्त उतरल्या.

घबराटीचा दाखला म्हणून १९३८ चं अमेरिकेतलं मंगळवासीयांच्या हल्ल्याचं रेडिओ नाटक हमखास पुढे केलं जातं. देशभर पळापळ झाल्याचं त्या वेळच्या वर्तमानपत्रांनी छापलं. ते बरंच फुगवलेलं होतं, असं नंतरच्या अभ्यासकांनी दाखवलं आहे. मला जास्त बोलकी वाटते ती इक्वाडोरची गोष्ट. फेब्रुवारी १९४९ मध्ये क्विटो शहरातल्या रेडिओनं त्याच धर्तीचं नाटक खऱ्या बातमीसारखं ऐकवलं. लोक रस्त्यावर आले, भ्याले. पण आगडोंब उसळला तो हे नाटक आहे असं जाहीर झाल्यावर. आपल्याला फसवलं म्हणून जमावानं रेडिओची इमारत पेटवली, काहींचे जीव गेले. त्या रात्री मंगळवासी कुणी नव्हते, जे जळलं ते विश्वास मोडल्यामुळे.

हे सांगून झाल्यावर ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "फाइल कपाटावर होती ना, तिच्यावरही मला राग होता. पेटवावीशी वाटायची."

पुढच्या दोन भेटी आम्ही चौथा रकाना भरण्यात घालवल्या. समुपदेशनाच्या पुस्तकात हे बसतं का, मला माहीत नाही.

१९६७: जॉसलिन बेल या संशोधक विद्यार्थिनीला रेडिओ दुर्बिणीच्या कागदी पट्टीवर एक विचित्र खूण दिसली. नीट तपासल्यावर दर १.३३ सेकंदाला येणारे ठोके निघाले, घड्याळासारखे. गटानं गमतीनं त्याचं नाव 'छोटी हिरवी माणसं' ठेवलं. डिसेंबरात बेलला आकाशाच्या दुसऱ्याच भागात तसाच दुसरा स्रोत सापडला. दोन वेगवेगळ्या ठिकाणची हिरवी माणसं एकाच वेळी आपल्याला हाक मारतील, हे काही पटण्यासारखं नव्हतं. फेब्रुवारी १९६८ मध्ये निबंध प्रसिद्ध झाला. ते निघाले वेगानं फिरणारे, ठोक्यांसारख्या रेडिओ लहरी सोडणारे तारे. त्यांना आज आपण पल्सार म्हणतो.

"म्हणजे मधले काही आठवडे लपवलंच की," ते म्हणाले.

थांबले होते, हे खरंच. मी नाकारलं नाही. फक्त विचारलं, "ऑडिट चालू असताना अर्धवट शेरा तुम्ही बाहेर सांगता का?"

"नाही. पण ऑडिट चालू आहे, हे सगळ्यांना माहीत असतं."

बरोबर बोलले. मी ते माझ्या वहीत उतरवून घेतलं.

१९९६: तो अशनी १९८४ मध्ये अंटार्क्टिकात सापडलेला, साधारण दोन किलोचा दगड. त्याच्यावर अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन स्वतः बोलले. पुढे, त्या खुणा जीवांशिवायही होऊ शकतात असं दिसत गेलं आणि आज बहुतेक शास्त्रज्ञ तो दावा मान्य करत नाहीत. २०२०: शुक्राच्या ढगांत फॉस्फीन हा जीवांची खूण ठरू शकणारा वायू सापडल्याचा दावा, वाद अजून मिटलेला नाही. के२-१८बी: इतर गटांनी त्याच नोंदी पुन्हा तपासल्या तेव्हा पुरावा कमकुवत वाटला. शिवाय तो डायमिथाइल सल्फाइड वायू एका धूमकेतूवरही आढळला आहे, जिथं जीवसृष्टीचा प्रश्नच नाही.

रकाना भरत गेला तसा त्यांचा आवाज बदलला. घाबरलेल्या माणसाच्या जागी हिशेब तपासनीस बोलू लागला. तेव्हा मी त्यांना शिडी दाखवली. नासातल्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये अशा दाव्यांसाठी सात पायऱ्या सुचवल्या. पहिल्या पायरीवर फक्त संभाव्य खूण दिसलेली असते. दुसरीवर ती खूण आपल्याच उपकरणातून किंवा पृथ्वीवरून गेलेली नाही याची खात्री करायची. पुढे तिथल्या परिस्थितीत जीव ती खूण तयार करू शकतील का ते बघायचं, मग जीवांशिवायचे सगळे माहीत असलेले मार्ग बाद करायचे, मग स्वतंत्र दुसरा पुरावा. असं करत सातवीपर्यंत. त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला.

"हे तर आमचंच काम. नोंद दिसली म्हणून मान्य करायची नसते, व्हाउचर लागतं."

समाजानं तयारी काय करायची, असं मला शाळांमध्ये बोलायला गेले की विचारतात. मला तरी सगळ्यात आधी हेच सुचतं: बातमीबरोबर पायरी सांगा. डॉक्टर कसे म्हणतात, 'गाठ आहे, बायोप्सी पाठवली आहे, गुरुवारी रिपोर्ट येईल.' माणूस गुरुवारपर्यंत तग धरतो, कारण त्याला गुरुवार दिलेला असतो. काय दिसलं, काय अजून कळलेलं नाही, पुढे कोण तपासणार आणि पुन्हा कधी सांगणार. आणि दावा फसला, तर तेही तेवढ्याच मोठ्या अक्षरांत. हा शेवटचा भाग नेहमी राहतो, म्हणून चौथे रकाने कोरे राहतात. बुद्धिमान जीवांचा संदेश आलाच तर त्यासाठी १९८९ पासून शास्त्रज्ञांचा एक करार आहे: आधी खातरजमा, मग जगाला उघडपणे सांगणं आणि आंतरराष्ट्रीय विचारविनिमयाशिवाय उत्तर न पाठवणं. तो कायदा नाही, पाळायचं बंधन कुणावर नाही. हेही मी त्यांना सांगितलं. नाहीतर पुन्हा पित्ताचीच गोष्ट झाली असती.

मुलीशी काय बोलायचं, हे त्यांना सगळ्यात अवघड वाटत होतं. मी म्हटलं, तुम्ही घाबरला होता हे तिला सांगा. तिनं ते पाहिलंच आहे. त्यांनी सांगितलं. मग दोघांनी मिळून बॅग रिकामी केली. तिचा पहिला प्रश्न होता, "तिथले जीव केवढे असतील?" सापडलेच तर डोळ्यांना दिसणारही नाहीत एवढे लहान असण्याची शक्यता जास्त, असं कळल्यावर ती जरा हिरमुसली म्हणे.

भेटी थांबल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये पुन्हा बातमी आली. मंगळावर पर्सिव्हरन्स गाडीनं आदल्या वर्षी एका खडकातून घेतलेल्या नमुन्यात संभाव्य जीवखुणा असल्याचा निबंध प्रसिद्ध झाला होता. नमुना नळीत बंद आहे, पृथ्वीवर आणायचा कसा हे ठरलेलं नाही. त्या रात्री मला त्यांची आठवण झाली, फोन करावा का असंही वाटलं. सकाळी त्यांचाच निरोप येऊन पडला होता. पाठवल्याची वेळ रात्री साडेनऊची.

"मॅडम, बातमी वाचली. व्हाउचर अजून मंगळावरच आहे. चौथा रकाना पेन्सिलनं भरलाय. झोपतो."