नवीन युजर केला की गेम परत येतात, त्यावर

तुम्ही लिहिलंय, "ऑफिसच्या नव्या मशीनवरचे गेम काढले, पण अकाउंटंटचा वेगळा युजर केला तर सगळे परत हजर." सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात अगदी हेच चाललं होतं. मी आयटीवाला नाही, हिशेब बघतो. त्यामुळे खालचं सगळं आधी एकाच मशीनवर करून बघा.

स्टार्ट मेनूतून अनइन्स्टॉल केलं की अ‍ॅप त्या युजरपुरतंच जातं. त्याची मूळ प्रत विंडोजकडे शिल्लक असते आणि नवा युजर पहिल्यांदा लॉगिन झाला की तिथूनच त्याला मिळते. याला प्रोव्हिजन्ड पॅकेज म्हणतात. अ‍ॅडमिन म्हणून पॉवरशेल (विंडोजला आज्ञा टाइप करून द्यायची खिडकी) उघडून रिमूव्ह-अ‍ॅपएक्स-प्रोव्हिजन्ड-पॅकेज (Remove-AppxProvisionedPackage) ही आज्ञा एकेका नावाने द्यायची, मग आधीच्या युजरांकडून काढायचं. गेम स्वतःहून उतरू नयेत म्हणून 'कंझ्युमर एक्सपीरियन्स' बंद करायची पॉलिसी बरेच जण सुचवतात. ती एंटरप्राइज आणि एज्युकेशन आवृत्तीतच लागू होते, होम-प्रोवाल्यांनी त्यात वेळ घालवू नये.

आता मुख्य गोष्ट. नेटवरची तयार 'डीब्लोट' स्क्रिप्ट, म्हणजे नको ते सगळं एका झटक्यात काढणारा छोटा प्रोग्राम, कुणालाही चालवू देऊ नका. आमची मशीनं एका एएमसीवाल्याकडे, म्हणजे वर्षाच्या देखभाल करारावर, होती (नाव घेत नाही, सोलापुरात सगळे सगळ्यांना ओळखतात). गेम आणि ट्रायल अँटिव्हायरस काढा, एवढंच त्याला सांगितलं होतं. त्याचा पोरगा पेनड्राइव्ह घेऊन आला, जेवायच्या सुट्टीत सगळ्या मशीनवर स्क्रिप्ट चालवली आणि गेला. मशीनं हलकी झाली, खोटं कशाला बोलू. पण स्टोअर गायब, कॅल्क्युलेटर गायब, फोटो उघडेनात. हे चाललं असतं हो. त्या स्क्रिप्टने 'बिनकामाच्या सर्व्हिस' म्हणून स्मार्ट कार्ड सर्व्हिससुद्धा डिसेबल केली होती. ते कळलं २० तारखेला, जीएसटीचं महिन्याचं रिटर्न, थ्रीबी, भरताना. डायरेक्टरांचं डीएससी (डिजिटल सही) असलेलं यूएसबी टोकन लावलं तर मशीन ओळखेना. प्रायव्हेट लिमिटेड असल्यामुळे ओटीपीवर भागत नाही, डीएससीच लागतं.

एएमसीवाला म्हणे टोकन गेलंय, ज्यानं दिलं त्याला विचारा. टोकनवाला म्हणे ड्रायव्हर टाका. दिवसभर दोघांनी आमचा चेंडू केला. दुसऱ्या दिवशी सीएंच्या ऑफिसात तेच टोकन लावलं तर लगेच चाललं! तोवर तारीख उलटली होती. दिवसाला ५० रुपये लेट फी काही मोठी नाही, पण उशिरा भरलेल्या करावर व्याज आणि वर मालकांचं बोलणं. स्क्रिप्टनं काय काय बंद केलं ते लेखी द्या म्हटलं, तर 'ती आमची पद्धत आहे, सांगत नाही'. बिल मात्र वेळेवर आलं, त्यावर 'सॉफ्टवेअर ऑप्टिमायझेशन' असं लिहून! शेवटी सर्व्हिसच्या यादीत स्मार्ट कार्ड 'मॅन्युअल' केल्यावर टोकन दिसलं. म्हणून एएमसी असेल तर काय काढणार त्याची यादी आधी कागदावर घ्या, सहीसकट. आणि असलं काम १ ते ५ तारखेच्या आत उरका, रिटर्नच्या आठवड्यात मशीनला हात नको.

माझ्या मते स्टोअर राहू द्यावं. जागा फार खात नाही आणि बाकीचे अ‍ॅप त्याच्यातूनच अपडेट होतात. ट्रायल अँटिव्हायरस मात्र आधी काढा. तो असेपर्यंत विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस डिफेंडर बाजूला बसतो, निघाला की बहुतेक वेळा आपोआप सुरू होतो. तरी विंडोज सिक्युरिटीत जाऊन खात्री करा. नीट निघत नसेल तर त्या त्या कंपनीचं स्वतःचं रिमूव्हल टूल असतं, तेच वापरा.

मशीनं खरोखर कोरी असतील, टॅली वगैरे अजून टाकलं नसेल, तर मी एकेक अ‍ॅप वेचत बसणार नाही. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज घेऊन सरळ नव्याने टाकेन. विंडोज सोबत आलेल्या मशीनची की बायोसमध्येच असते, वेगळी लागत नाही. कंपनीच्या रिकव्हरी पार्टिशनमधून रिसेट मारलात तर तोच कचरा परत येतो. दोन गोष्टी आधी बघा: बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) चालू असेल तर रिकव्हरी की लिहून ठेवा. आणि नव्या इंटेल लॅपटॉपवर इन्स्टॉल करताना डिस्कच दिसत नाही असं होतं, त्यासाठी इंटेलचा डिस्कसाठीचा आरएसटी ड्रायव्हर त्याच पेनड्राइव्हवर टाकून ठेवा.

तुमच्याकडे होम आहे की प्रो, आणि डीएससी कुठल्या मशीनवर लागतं ते कळवा, म्हणजे पुढचं सांगता येईल.