बोटीवर ६ लाख ४० हजार घालण्याआधी केबल आणि तारा बदला

प्रश्न थोडक्यात असा. रत्नागिरीजवळ भाट्ये इथले हे वाचक ६२ वर्षांचे, खाजगी कंपनीतून निवृत्त. पत्नी ५८ वर्षांच्या. पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत २० लाख (८.२ टक्के, खातं उघडून पावणेदोन वर्षं झाली), बँकेत ७ टक्क्यांची ९ लाखांची मुदत ठेव, म्युच्युअल फंडात ६ लाख, बचत खात्यात ८० हजार. ईपीएफची पेन्शन महिना २,५०० आणि घरखर्च ३२ हजार. हापूसच्या कलमांचे खर्च वजा जाता चांगल्या वर्षी अडीच लाख सुटतात, गेल्या वर्षी १ लाख ४० हजार सुटले. सात वर्षांपूर्वी त्यांनी साडेचार लाखांना २७ फुटी, फायबरची, १९८०च्या दशकातली शिडाची बोट घेतली. यंदा नारळी पौर्णिमेनंतरच्या पहिल्याच फेरीत धक्क्याला लागताना गिअर पुढेच अडकला आणि बोट शेजारच्या मच्छीमार बोटीच्या टायरांवर आपटली. सुकाणूचं चाकही ढिलं झालंय. मुंबईच्या एका यार्डाने हायड्रॉलिक स्टिअरिंग आणि इंजिनाला इलेक्ट्रॉनिक कंट्रोल बसवायचे ६ लाख ४० हजार सांगितलेत. मिरकरवाड्यातले मिस्त्री आहे तीच यंत्रणा नव्या केबल, तारा, कप्प्या आणि बुश (सुकाणूचा दांडा ज्यात फिरतो ते नळीसारखं अस्तर) घालून १ लाख १० हजारांत करून देतो म्हणतात. मोठ्या कामासाठी मुदत ठेव मोडावी की पोस्टातलं खातं बंद करावं, आणि पर्यटकांच्या फेऱ्या मारून पैसे वसूल होतील का, असं त्यांनी विचारलंय.

नमस्कार.

ओहोटीची ओढ असताना, धक्का दोन हातांवर आलेला असताना गिअर न्यूट्रलला येत नसेल, तर ती बोट दुरुस्त केल्याशिवाय पाण्यात नेऊ नका. यात काटकसर नको. खर्च करायचाच, आणि पुढच्या फेरीच्या आधी करायचा. फक्त तो मिरकरवाड्याच्या मिस्त्रींकडे करायचा. यार्डाचं काम आज तुमच्या खिशाला झेपणारं नाही, आणि तुमच्या बोटीला त्याची गरजही दिसत नाही.

आधी बोटीचं बघू. किनाऱ्यावरच्या बोटमालकांचे हिशेब बघताना हे दुखणं मी अनेकदा पाहिलंय. गिअरची केबल बहुतेक वेळा इंजिनाकडच्या टोकाला जाते. तिथे उष्णता असते, खारं पाणी असतं. वरचं प्लॅस्टिक तडकतं, आत गंज चढतो आणि केबल जड होत जाते. आपण लिव्हरवर थोडा जास्त जोर लावत राहतो आणि एके दिवशी ती अडकते. इंजिनाकडचं टोक सोडवून लिव्हर हलवून बघा. तरीही जड लागला तर दोष केबलचा किंवा लिव्हरचा. हलका झाला तर गिअरबॉक्स तपासायला हवा, आणि मग खर्चाचा आकडाच बदलेल. मिस्त्रींना कामाला लावण्याआधी ही खात्री करून घ्या.

सुकाणूचंही तसंच. चाकाखालची तार कप्प्यांवरून मागे जाते आणि सुकाणूच्या दांड्यावरच्या क्वाड्रंटला, म्हणजे दांडा फिरवणाऱ्या पंख्याच्या आकाराच्या तुकड्याला, जोडलेली असते. जुना सुती फडका हातात धरून त्या तारेवरून सावकाश फिरवा, उघडा हात अजिबात लावू नका. फडक्याचे धागे जिथे अडकतील तिथे तारेचा एखादा पदर तुटलेला आहे, आणि अशी तार त्याच दिवशी बदलायची. चाकाचा ढिलेपणा तारेमुळे असेल तर ती ताणून किंवा बदलून जातो. बुश झिजल्यामुळे असेल तर बोट वर काढावी लागते. आता मुद्द्याचं म्हणजे, बुशच झिजलं असेल तर हायड्रॉलिक स्टिअरिंग बसवूनही सुकाणूचं पातं खालून खडखडतच राहील. यार्डाच्या कोटेशनमध्ये बुशचा उल्लेखच नाही, हे मला खटकलं.

इलेक्ट्रॉनिक कंट्रोलबद्दलही एक गोष्ट यार्डाला विचारा. तुमचं इंजिन जुनं, यांत्रिक डिझेल आहे. अशा इंजिनावर त्या यंत्रणेचा मोटारवाला डबा बसतो आणि तो डबा शेवटी केबलच ओढतो. म्हणजे केबल राहतेच, वर खाऱ्या हवेतल्या चाळीस वर्षं जुन्या वायरिंगवर आणि बॅटरीवर आणखी एक भार येतो. उद्या इंजिनच बदलायची वेळ आली, तर आज घातलेलं महागडं कंट्रोल नव्या इंजिनाला जुळेलच याची हमी नाही. हायड्रॉलिकमध्ये वाईट काही नाही, पण शिडावर चालवताना सुकाणूचा जो ताण हाताला कळतो तो त्यात बराच मरतो. २७ फुटांच्या बोटीला तो ताण हाताबाहेर जाणाराही नसतो.

आता घरचा हिशेब. पोस्टातून वर्षाला १ लाख ६४ हजार, मुदत ठेवीचे ६३ हजार, पेन्शनचे ३० हजार, असे २ लाख ५७ हजार येतात. खर्च ३ लाख ८४ हजार. कमी पडणारे १ लाख २७ हजार कलमं भरून काढतात. गेल्या वर्षीच्या १ लाख ४० हजारांत तुम्ही जेमतेम तरलात. ठेवीतून ६ लाख ४० हजार काढले, तर वर्षाचं ४४,८०० रुपये व्याज जातं आणि खड्डा १ लाख ७२ हजारांचा होतो. गेल्या वर्षासारखा मोहोर गळाला की घरखर्चालाच ३२ हजार कमी. ठेवीत उरतात २ लाख ६० हजार, आणि पत्नीच्या किंवा तुमच्या आजारपणाला उभा राहणारा पैसा तोच. मला हे मान्य नाही, म्हणून स्पष्ट लिहितोय.

पोस्टातल्या खात्याला तर हातही लावू नका. त्यातून हवी तेवढी रक्कम काढता येत नाही, खातं पूर्ण बंद करावं लागतं. वर्षानंतर पण दोन वर्षांच्या आत बंद केलं तर दीड टक्का, म्हणजे तुमचे ३० हजार रुपये कापले जातात. पुन्हा उघडाल तेव्हा त्या वेळचा व्याजदर मिळेल, आजचा ८.२ मिळेलच असं नाही.

मग पैसा कुठून? मिस्त्रींना काम दोन भागांत करायला सांगा. इंजिनाच्या दोन्ही केबल (गिअरची आणि वेगाची), लिव्हर, सुकाणूची तार आणि कप्प्या हे काम बोट पाण्यात असतानाच होतं. तुम्ही पाठवलेल्या हिशेबाप्रमाणे ते ७५ हजारांचं. बुश आणि बोट वर काढणं, ३५ हजार, हे पावसाळ्यापूर्वी बोट शाकारताना करा. नाहीतरी तेव्हा ती वर येतेच. पहिल्या ७५ हजारांसाठी ठेव मोडू नका. ठेव मोडली तर बँक जेवढे दिवस ठेव राहिली तेवढ्या मुदतीचा दर देते, आणि बहुतेक बँका वर दंडही कापतात. त्यापेक्षा ठेवीवर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे ठेव तारण ठेवून उचल, घ्या. ठेवीच्या दराहून साधारण एक ते दोन टक्के जास्त व्याज, तेही उचललेल्या रकमेवरच. ८ टक्क्यांनी ७५ हजारांचं सात महिन्यांचं व्याज होतं ३,५०० रुपये. आंब्याचे पैसे आले की फेडून टाका.

कलमांनी दगा दिला तर म्युच्युअल फंडातून लाखभर काढायला माझी हरकत नाही. इक्विटी फंडातल्या दीर्घकालीन नफ्यावर एका आर्थिक वर्षात सव्वा लाखापर्यंत कर लागत नाही. बाकीचे पाच लाख मात्र पत्नीच्या पुढच्या वीस-पंचवीस वर्षांसाठी आहेत असं धरून चाला. तुम्ही लिहिलंय की त्यांचा विरोध नाही पण त्या गप्प आहेत. हा हिशेब त्यांच्यासमोर मांडा, त्यांचं म्हणणं ऐका आणि मगच मिस्त्रींना आगाऊ रक्कम द्या.

पर्यटकांच्या फेऱ्यांचं उत्पन्न मी हिशेबात शून्य धरलंय. पैसे घेऊन माणसं बसवायची म्हणजे सागरी मंडळाची प्रवासी परवानगी, बोटीची तपासणी, पात्र चालक, प्रत्येकाला लाइफ जॅकेट आणि प्रवाशांचा विमा हे सगळं आलं. खाजगी वापराच्या विम्यावर भाड्याचे प्रवासी नेले आणि काही झालं, तर विमा कंपनी दावा नाकारू शकते आणि नुकसानभरपाई तुमच्या घरावर येऊ शकते. धंदा करायचाच असेल तर तो धंदा म्हणून वेगळा मांडू. बोटीच्या खर्चाचं समर्थन म्हणून तो मध्ये आणू नका. विक्रीतून पैसे परत येतील हेही धरू नका; आपल्या किनाऱ्यावर शिडाच्या जुन्या बोटीला गिऱ्हाईक मोजकंच, आणि साडेचार लाखांच्या बोटीत ६ लाख ४० हजारांचं सामान बसवलं म्हणून ते अकरा लाख मोजणार नाही.

बोट ठेवायची असेल, आणि तुमच्या पत्रातून दिसतं की ती तुम्हाला जिवापाड हवी आहे, तर तिचं खातं वेगळं करा. आंब्याच्या पैशातले पहिले १ लाख ३० हजार घराचे. त्यावरचे, आधी ओव्हरड्राफ्ट आणि बुशचा खर्च भागवून, दर जूनमध्ये बोटीच्या वेगळ्या ठेवीत. इंजिनाचा मोठा खर्च कधी ना कधी येणारच आहे, तो तिथून निघेल. ९ लाखांची ठेव मुदत संपली की तीन-तीन लाखांच्या तीन ठेवींत विभागा, म्हणजे अडचणीला एकच मोडावी लागेल.

आणि मिस्त्रींकडून एक गोष्ट जास्तीची करून घ्या, फार पैसे लागणार नाहीत: सुकाणूच्या दांड्याच्या वरच्या टोकावर बसणारा लोखंडी पाइपचा हातदांडा. तार तुटली तर तोच लावून किनारा गाठायचा. तो नुसता बनवून खणात ठेवू नका. भाट्याच्या खाडीत, वारा पडलेला असताना, त्याच्यावर बोट वळवून बघा. मे महिन्यात पातं उतरवाल तेव्हा बुश किती झिजलंय ते मिस्त्रींकडून मोजून घ्या आणि मला कळवा. हायड्रॉलिकचा विषय तुमच्या मनात तेव्हाही असेल तर यंदाच्या आंब्याचे आकडे हाती घेऊनच पुन्हा बोलू.