आजी का हसली?

चि. सोनू यास अनेक आशीर्वाद.

‘मी काल सराफ्यात होतो तर गराडू खाल्ला असता’ असे तू म्हणालास आणि आजीने हसत ‘होतास, तर मग खाल्ला का नाहीस?’ असे विचारून तुला गप्प केले. यात आपले काय चुकले, हा तुझा प्रश्न फोनवर घाईत उरकण्यासारखा नव्हता, म्हणून म्युनिकहून हे सविस्तर लिहिते आहे.

चूक एकाच शब्दाची आहे आणि इंदुरात वाढताना ती माझ्याही तोंडून पुष्कळदा निघाली आहे. शाळेत आणि गल्लीत तू दिवसभर हिंदी बोलतोस, आणि हिंदीत ‘मैं वहाँ होता तो खाता’ हे अगदी शुद्ध आहे. मराठीत मात्र ‘होतो’ म्हटले की तू तिथे हजर होतास, हे ठरूनच गेले. जे घडले नाही ते नुसते कल्पून बोलायचे असेल, तर ‘मी असतो तर खाल्ला असता’ असे म्हणावे लागते. व्याकरणात याला संकेतार्थ म्हणतात.

‘मी रोज संध्याकाळी घरी असतो’ यातही तोच शब्द आहे, असे तू म्हणशील. ‘मी’च्या बाबतीत दोन्हीकडे एकच रूप येते, हे खरे, पण ‘तो घरी असतो’ ही सवय झाली, आणि ‘तो घरी असता तर’ म्हणजे तो घरी नाही. डोक्यावरची एक मात्रा गेली की माणूस घरातून नाहीसा होतो! ‘आत्याबाईला मिशा असत्या तर’ ही म्हण तू आजीकडून ऐकली असशीलच. तिथे मिशा अनेक, म्हणून ‘असत्या’.

‘पाऊस आला तर छत्री घे’ यात पाऊस अजून येऊ शकतो. ‘आला असता तर’ म्हटले की ती शक्यता मिटली. इथली जर्मन भाषाही ‘होतो’ या अर्थाच्या ‘वार’मधल्या स्वरावर दोन टिंबे देऊन आणि शेवटी एक अक्षर जोडून कल्पनेतले ‘असतो’ घडवते, हे मला इथे आल्यावर कळले आणि गंमत वाटली.

मराठीत ‘तर’च्या पुढचे वाक्य बोलले नाही तरी चालते. गेल्या रविवारी आजी मला ‘तू इथे असतीस तर…’ एवढेच म्हणाली आणि तिने फोन तुझ्या हाती दिला.

तुझी,
आई