लोखंडी पुलाचा एक दांडा तुटला तर अख्खा पूल पडतो का? यावर कोणी उपाय केला होता का?

साध्या ट्रस पुलात दांडा मोक्याचा असेल तर हो, पडू शकतो. ट्रस म्हणजे दांड्यांचे त्रिकोण जोडून केलेला सांगाडा, आणि तिथे हे त्रिकोण एकमेकांवर विसंबून असतात. पण उपाय केला होता, आणि तो पूल मी राहतो तिथून जवळच, अमेरिकेत मेरीलँडमधल्या सॅव्हेज या गिरणीच्या गावात उभा आहे.

वेंडेल बॉलमन हा बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेतला माणूस. इंजिनिअरिंग कुठे शिकला नव्हता, सुतारकाम करता करता पूल बांधायला लागला. 1852 साली त्यानं पेटंट घेतलं. त्याच्या पुलात रुळांखालची प्रत्येक आडवी तुळई वेगळी टांगलेली असते. तिच्यापासून निघालेल्या घडीव लोखंडाच्या तिरक्या पट्ट्या थेट दोन्ही टोकांच्या मनोऱ्यांच्या माथ्यापर्यंत जातात. शेजारीशेजारी टांगलेल्या झोपाळ्यांसारखं: एकाची कडी तुटली तरी बाकीचे जागच्या जागी. वरचा आडवा दांडा ओतीव लोखंडाचा. मनोरे आत झुकू द्यायचे नाहीत, एवढंच त्याचं काम. (तो मोडला तर मात्र काही खरं नाही. पूर्ण अभय कुठल्याच पुलाला नसतं.)

मग सगळीकडे असेच पूल का नाहीत? एक तर लोखंड फार लागतं. शिवाय मधली तुळई सोडली तर प्रत्येकीची एक पट्टी लांब, एक आखूड. उन्हात लांब पट्टी जास्त वाढते आणि भाराची वाटणी बिघडते. इंजिनं जड होत गेली तशी रेल्वे दुसऱ्या ट्रसकडे वळली.

सॅव्हेजचा पूल 1869 सालचा. आधी तो मुख्य मार्गावर होता. 1887 मध्ये तिथून काढून लिटल पटक्सेंट नदीवर, कापडगिरणीकडे जाणाऱ्या फाट्यावर बसवला. गिरणीच्या मालगाड्यांपुरतं काम उरलं, म्हणूनच तो वाचला असं मला वाटतं. 1947 मध्ये गिरणी बंद पडली. बॉलमनच्या धाटणीचा दुसरा रेल्वे पूल आज जगात शिल्लक नाही.

दोन गाळे मिळून लांबी जेमतेम 49 मीटर, तेव्हा भव्य काही पाहायला मिळेल अशा अपेक्षेनं येऊ नका. पुलावरून पायी जाता येतं, पण रचना कळते ती बाजूनं. एकच पट्टी निवडा आणि ती तुळईपासून मनोऱ्यापर्यंत नजरेनं धरून ठेवा. बाकीच्या पट्ट्यांच्या जाळ्यातून ती सुटी निघाली की बॉलमनचं डोकं लक्षात येतं.