'कंट्रोलमंदी' आणि 'कंट्रोलखाली'

प्रश्न वाशिम जिल्ह्यातल्या एका शिक्षकांचा आहे. संध्याकाळी ओट्यावर बसून ते नववीतल्या मुलीला अर्थशास्त्र समजावत होते. बोलता बोलता म्हणाले, "२०१४ साली सरकारनं डिझेलवरचं कंट्रोल काढलं." शेजारी तुरीच्या शेंगा सोलत बसलेल्या वडिलांनी मान वर केली. "डिझल कंट्रोलमंदी होतं कवा? आपल्याले त कधीच नाही भेटलं. राकेल भेटे." मुलगी हसली, आजोबा चिडले, धडा तिथंच राहिला. शिक्षकांनी दोन गोष्टी विचारल्या आहेत. रेशनच्या दुकानाला 'कंट्रोल' म्हणणं हा अडाणी अपभ्रंश समजायचा का? आणि 'डीकंट्रोल'ला चांगला मराठी शब्द कोणता: नियंत्रणमुक्ती, विनियंत्रण की निर्नियंत्रण?

पहिल्याचं उत्तर आधी देतो, कारण त्यात जीव जास्त आहे. अपभ्रंश नाही. वडील बरोबर बोलले आणि तुम्हीही बरोबर बोललात. घोळ नामात नसून शब्दयोगी अव्ययात आहे. रॉकेल कंट्रोल'मंदी', म्हणजे रेशनच्या दुकानामध्ये होतं. डिझेल कंट्रोल'खाली', म्हणजे सरकारनं बांधलेल्या भावाखाली होतं.

'कंट्रोल'ची कुळकथा अशी. दुसऱ्या महायुद्धात धान्य, कापड, साखर, रॉकेल या सगळ्यांचा तुटवडा पडला. १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात गेला आणि तिथून येणारं तेलही बंद झालं. सरकारनं भाव बांधून दिले, वाटपाची मापं ठरवली. मुंबईत १९४३ मध्ये रेशनिंग सुरू झालं. बांधलेला भाव म्हणजे 'कंट्रोल रेट', त्या भावाचा माल म्हणजे 'कंट्रोलचा माल' आणि तो जिथं मिळतो ते 'कंट्रोलचं दुकान'. पुढं 'दुकान' गळून पडलं. 'मारवाडीचं दुकान'मधलं दुकान गळालं नाही, हे कंट्रोलबाबतीतच झालं. मुंबई-पुण्याकडं याच गोष्टीला 'रेशन' किंवा 'रेशनिंग' म्हणतात. आपल्याकडं 'कंट्रोल' रुजला आणि पलीकडं मध्य प्रदेशातल्या हिंदीतही तोच ऐकू येतो. विदर्भ १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या राज्यात होता, तेव्हा हा जुन्या कचेरीच्या भाषेचा वारसा असावा, असा माझा आपला अंदाज.

गंमत म्हणजे 'कंट्रोल काढावं का' हा वादही तेव्हाचाच. स्वातंत्र्यानंतर लगेच गांधीजींनी नियंत्रणं उठवा म्हणून आग्रह धरला. सेवाग्रामला राहून खेडं पाहिलेला माणूस होता, कंट्रोलमुळे काळाबाजार आणि लाचखोरी माजते हे त्यांचं म्हणणं. १९४७ च्या शेवटी नियंत्रणं उठायला लागली, भाव भडकले, आणि १९४८ मध्ये पुन्हा बसवावी लागली. म्हणजे 'डीकंट्रोल' हा शब्द आपल्याकडं तेलाच्या आधी धान्या-कापडाच्या निमित्तानं आला.

आता वडिलांच्या तोंडी हा शब्द कसा चालतो ते बघा. मी अकोल्याकडचा. लहानपणी सकाळी कोणी सायकलवरून ओरडत जायचं, "कंट्रोल आलं होऽ!" दुकान कुठून येणार? आलेला असायचा माल, बहुतेक वेळा गायगावच्या डेपोकडून भरून निघालेलं राकेल. मग रांग लागायची, पण माणसांची नव्हे, डबड्यांची. पाच लिटरची कॅन, गोडेतेलाचा रिकामा डबा, बुडाला पोचे आलेलं पत्र्याचं डबडं. हलक्या कॅनवर दगड ठेवायचा, वाऱ्यानं नंबर उडून जाऊ नये म्हणून. माणसं कडुनिंबाखाली. दुकानदार पिंपात माप बुडवायचा आणि नरसाळ्यात ओतताना ते असं काही तिरपं करायचा, की लिटरभरातलं थोडं परत पिंपातच. त्यावर कोणी बोललंच तर, "कंट्रोलचं हाय बापू, घ्याचं त घ्या." या एका वाक्यात विशेषण म्हणून 'कंट्रोलचं' काय काय सांगतं: स्वस्त आहे, कमी आहे, हलकं आहे आणि तक्रार करायची सोय नाही. घरी आल्यावर आजी कॅन उजेडात धरायची. निळं दिसलं की कोनाड्यातली चिमणी काढायला सांगायची.

तो निळा रंग हा खरा धोरणाचा रंग. १९९३ पासून खासगी व्यापाऱ्यांना आयात केलेलं रॉकेल खुल्या भावानं विकायला परवानगी मिळाली. कंट्रोलचं रॉकेल वेगळं ओळखू यावं म्हणून त्यात निळा रंग मिसळलेला असायचा. पदार्थ एकच, पण बोलीत तीन रंग झाले. कंट्रोलचं ते निळं, खुल्या बाजारातलं ते पांढरं, आणि निळं मागच्या दारानं गेलं की ते 'बेलॅकचं'. पुढं जीएसटीनंही हा भेद पाळला. २०१७ पासून रेशनच्या रॉकेलवर ५ टक्के, एरवीच्या रॉकेलवर १८ टक्के. पेट्रोल-डिझेल तर त्या कराच्या बाहेरच ठेवलं.

निळं काळं होण्याचं कारण साधं होतं. २०११ च्या सुरुवातीला कंट्रोलच्या रॉकेलचा भाव डिझेलच्या सुमारे एक तृतीयांश होता. एवढी दरी असली की गरिबाच्या चिमणीतलं तेल टँकरच्या टाकीकडं ओढलं जाणारच. त्याच वर्षी २५ जानेवारीला मनमाडजवळ पानेवाडीत अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भेसळ करणाऱ्यांनी जिवंत जाळलं. 'भेसळ' हा आपल्याकडं दूध-मिरचीपुरता घरगुती शब्द. त्या आठवड्यात तो वर्तमानपत्रात वाचवत नव्हता.

आता 'कंट्रोलखाली'. पेट्रोल-डिझेल कधी रेशनच्या दुकानात आलं नाही, पण त्याचा भाव कित्येक वर्षं दिल्लीत ठरायचा. सत्तरच्या दशकात सरकारनं परदेशी तेल कंपन्या ताब्यात घेतल्या. १९७४ मध्ये एस्सो, १९७६ मध्ये बर्मा-शेल आणि कॅलटेक्स. त्यांतून हिंदुस्तान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम उभ्या राहिल्या, इंडियन ऑइल आधीपासून सरकारीच. विकणारा सरकारचा, भाव ठरवणाराही सरकार. पेट्रोल महाग ठेवायचं, त्यातून रॉकेल स्वस्त ठेवायचं आणि हिशेब एका सामाईक खात्यात मांडायचा, त्याचं नाव 'ऑइल पूल अकाउंट'. मराठी बातम्यांत ते 'तेल पूल खाते' असं यायचं. ते वाचून माझ्या एका मामांना बरेच दिवस वाटत होतं, की तेलाच्या पैशातून नद्यांवर पूल बांधतात. तसं झालं असतं तर आमच्या पूर्णा नदीकाठच्या गावांचं भलं झालं असतं.

ही व्यवस्था १ एप्रिल २००२ पासून कागदोपत्री संपली. प्रत्यक्षात भाव सरकारच्या इशाऱ्यावरच हलत राहिले. मग २६ जून २०१० ला पेट्रोल मोकळं झालं, ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेल, आणि १६ जून २०१७ पासून देशभर रोजच्या रोज भाव बदलू लागले. तुम्ही मुलीला सांगत होतात ते यातलं दुसरं.

इथं जाता जाता एका शब्दावरचा राग काढून घेतो. त्या काळात मराठी वर्तमानपत्रं सर्रास लिहायची, 'तेल कंपन्यांना रोज अमुक कोटींचा तोटा'. मूळ शब्द होता 'अंडर-रिकव्हरी' आणि त्याचा अर्थ तोटा नव्हे. तेल आयात केलं असतं तर जो भाव पडला असता तो, आणि सरकारनं विकायला लावलेला भाव, यांतला फरक म्हणजे अंडर-रिकव्हरी. समजा घरची तूर पिकवायला किलोला ६० रुपये लागले, बाजारात १०० मिळाले असते आणि तुम्ही शेजारधर्म म्हणून ७० ला दिली. हे ३० रुपये म्हणजे तोटा का? 'वसुलीतली तूट' म्हणा फार तर. खरा खर्चही निघत नव्हता असे दिवस होतेच. जुलै २००८ मध्ये कच्चं तेल पिंपाला १४७ डॉलरवर गेलं होतं, आणि सरकार कंपन्यांना रोख पैशांऐवजी तेल रोखे, म्हणजे पैसे पुढं देऊ अशी लेखी हमी, देत होतं. पण म्हणून दोन्हींना एकच शब्द वापरला, की कंपनीचा ताळेबंद नफ्यात आणि बातमी तोट्यात, असा चमत्कार वाचकाच्या पदरी पडतो.

रॉकेल मात्र कंट्रोल'खाली'ही होतं आणि कंट्रोल'मंदी'ही. म्हणून त्याची सुटका वेगळ्या तऱ्हेनं झाली. जुलै २०१६ पासून लिटरमागं महिन्याला २५ पैसे वाढवत नेले. २५ पैशांसाठी कोण बोंबलणार? पुढं पुढं ही वाढ पंधरवड्याला होऊ लागली आणि २०२० पर्यंत भावातली सरकारी सूट संपली. मधल्या काळात वीज आली होती, १ मे २०१६ ला उज्ज्वला योजना सुरू झाली होती, सिलिंडर घरात असेल तर रॉकेल नाही असा नियमही होता. धूर गेला ते चांगलंच झालं. आईच्या खोकल्याचा हिशेब मांडला तर मी तरी चिमणीसाठी रडणार नाही. पण बोलीच्या अंगानं पाहिलं तर डिझेल कंट्रोलखालून सुटलं तेव्हा ते पंपावर होतं तिथंच राहिलं. रॉकेल कंट्रोलखालून सुटलं आणि त्याबरोबर कंट्रोलमधूनही गेलं. तुमच्या वडिलांनी अनुभवलेला 'डीकंट्रोल' हा दुसरा. त्यांच्या लेखी 'कंट्रोल काढलं' याचा सरळ अर्थ 'दुकान उचललं' असा होतो, आणि रॉकेलापुरता तो अक्षरशः खरा ठरला.

आणखी एक. 'कंट्रोल' हा शब्द मुळात जुन्या फ्रेंचमधल्या 'कोंत्र-रोल'वरून आला. रोल म्हणजे गुंडाळी, नोंदवही. कोंत्र म्हणजे समोरची, पडताळ्याची. एकानं लिहिलेला हिशेब तपासता यावा म्हणून दुसऱ्यानं ठेवलेली जोडवही, हा पहिला अर्थ. लगाम, अंकुश हे अर्थ मागाहून चिकटले. आता दुकान आठवा: टेबलावर दुकानदाराचं रजिस्टर, त्यापुढं आपलं पिवळं नाहीतर केशरी कार्ड, एकच नोंद दोन्हींकडं. म्हणजे लंडन-दिल्लीच्या अर्थशास्त्र्यांपेक्षा वाशिमच्या ओट्यावरचा अर्थ मूळ धातूच्या जास्त जवळचा निघाला. योगायोग आहे, पण वडिलांना सांगायला हरकत नाही. आता वही जाऊन अंगठ्याची मशीन आली, तरी कंट्रोल कंट्रोलच आहे.

दुसरा प्रश्न, मराठी शब्दाचा. 'निर्नियंत्रण' सोडून द्या, जीभ अडखळते. 'विनियंत्रण' सरकारी कागदात चालतो, पण 'वि' या उपसर्गानं घात होतो. 'विशेष'मध्ये तो जोर देतो, 'विफळ'मध्ये काढून घेतो. त्यामुळे विनियंत्रण म्हणजे नियंत्रण गेलं की घट्ट झालं, हे नव्या वाचकाला कळत नाही. 'नियंत्रणमुक्ती' स्वच्छ आहे, पंचमी तत्पुरुष, नियंत्रणापासून मुक्ती. माझी कुरकुर एवढीच, की 'मुक्त' लावलं की बातमी आपोआप आनंदाची होते: धूरमुक्त, कर्जमुक्त, टोलमुक्त. कोणाची मुक्ती, ते वाक्यात लिहावं. 'डिझेल नियंत्रणमुक्त' यापेक्षा 'डिझेलचा भाव यापुढे कंपन्या ठरवणार' हे लांब आहे, पण खरं आहे. निदान कागदोपत्री खरं. कारण रोज बदलणारा हाच भाव ४ नोव्हेंबर २०२१ नंतर २२ मार्च २०२२ पर्यंत एका जागी उभा राहिला, आणि त्याच काळात पाच राज्यांच्या विधानसभा निवडणुका झाल्या.

तेव्हा मुलीला परीक्षेत 'नियंत्रणमुक्ती' लिहू द्या. ओट्यावर मात्र असं सांगून बघा: "बाबा, डिझल कंट्रोलमंदी नव्हतं, कंट्रोलखाली होतं. थे आता सुटलं." त्यांना एका फटक्यात कळेल. फक्त पुढच्या प्रश्नाची तयारी ठेवा, तो शेंगा सोलता सोलता येणारच: "सुटलं, त मंग निवडनुकीच्या टायमाले भाव थांबून कसा राह्यते?"