व्हेस्ट-आर्मच्या स्टॅबिलायझरचा बॅलन्स दर शॉटला बदलावा लागतो का?

थोडाफार बदलावा लागतो, पण दर वेळी पहिल्यापासून सगळं जुळवत बसायची गरज नसते. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: यात अंगात घातलेल्या जाकिटाला, म्हणजे व्हेस्टला, एक आर्म जोडलेला असतो आणि कॅमेऱ्याचा दांडा त्या आर्मवर तोललेला असतो.) तुम्ही लिहिलंय की हॉलमध्ये कॅमेरा सरळ राहतो आणि वरातीबरोबर चालायला लागलात की फ्रेम पाळण्यासारखी झुलते. म्हणजे रिग (वर कॅमेरा, मध्ये दांडा, खाली बॅटरी-मॉनिटर असा सगळा जोड) खालून फार जड झालाय. खाली वजनाच्या चकत्या चढवल्या की कॅमेरा झटकन सरळ होतो, म्हणून सगळेच चढवत जातात. पण तुम्ही पाऊल उचललंत की तेच वजन मागे राहतं आणि थांबलात की पुढे झेपावतं.

मोजायचा तो ड्रॉप टाइम, म्हणजे आडवा दांडा सोडल्यावर उभा व्हायला लागणारा वेळ. लेन्स, हूड, फिल्टर, कार्ड, ट्रान्समीटर असं शूटला लागणारं सगळं चढवा, लेन्सची टोपी काढा आणि कॅमेरा बसतो ती वरची प्लेट सरकवून पुढे-मागे, डावी-उजवी जुळवून घ्या. मग मधला दांडा आडवा धरून सोडा. आडव्याचा उभा व्हायला साधारण 2 ते 3 सेकंद लागले पाहिजेत. एका सेकंदातच खाली आला तर एखादी चकती काढा किंवा गिंबल (दांडा ज्यावर मोकळा फिरतो तो सांधा) दांड्यावर किंचित खाली घ्या. किंचित म्हणजे मिलिमीटरमध्ये.

आता शॉटचं. सावकाश चालणं, नवरा-नवरीभोवती फेरी, याला अडीच सेकंद छान. वरातीत धावणं, मध्येच थबकणं असेल तर 3 ते 4 सेकंदांवर जा. तिथे कॅमेरा आपणहून सरळ व्हायला आळस करतो, त्यामुळे होरायझन (फ्रेमची आडवी पातळी) तुमच्या दोन बोटांनाच सांभाळावा लागतो. दांड्यावरची पकड घट्ट केलीत की सगळं मुसळ केरात. समुद्रकाठच्या वाऱ्यात मात्र उलटं: ड्रॉप टाइम 2 च्या आसपास आणा, हूड काढा आणि शक्य असेल तर वाऱ्याच्या बाजूला कुणाला तरी थर्माकोल धरून चालायला सांगा. माझ्या मते चकत्यांपेक्षा तो थर्माकोलवाला जास्त कामाचा.

जिना चढणाऱ्याच्या मागून जायचं असेल तर कॅमेरा पूर्ण शॉटभर बोटांनी वर उचलून धरू नका. हात सोडल्यावरही फ्रेम थोडी वर बघेल इतकी वरची प्लेट मागे सरकवून ठेवा. ड्रॉप टाइम जास्त ठेवला असेल तर प्लेट सरकवणाऱ्या नॉबचा जरासा फेरही भरपूर टिल्ट (वर-खाली कल) देतो, तेव्हा बेताने.

झटक्यात पॅन करताना (कॅमेरा डावी-उजवीकडे फिरवताना) गोची वेगळीच होते. उभा असताना सरळ दिसणारा दांडा फिरवला की डोलायला लागतो, कारण वरचा कॅमेरा, खालचा मॉनिटर आणि बॅटरी यांची मध्यापासूनची अंतरं एकमेकांशी जुळलेली नसतात. स्टँडवर दोनेक सेकंदांत एक फेरा होईल इतका हलका फिरवून बघा. तिरका झाला तर बॅटरी जराशी सरकवा, वरच्या प्लेटने पुन्हा सरळ करा, पुन्हा फिरवा. हे किचकट आहे, घरीच करून बॅटरीच्या जागेवर मार्करने खूण करून ठेवा. बहुतेक वेळा कॅमेऱ्याचं वजन दांड्याच्या मध्यापेक्षा किंचित मागे आलं की जमतं. अशा झटक्याच्या पॅनला (व्हिप पॅन) बॅटरी-मॉनिटर दांड्याजवळ घ्या, लांबलचक चालत्या शॉटला दूर न्या. दूर असले की फ्रेम डावी-उजवीकडे भरकटत नाही.

लेझीमवाल्यांच्या पायांसाठी लो मोड. रिग उलटा होतो, कॅमेरा खाली लटकतो, म्हणून आता कॅमेऱ्याची बाजू जड हवी. गिंबल बॅटरीच्या दिशेने थोडा सरकवा आणि ड्रॉप टाइम नव्याने मोजा. गिंबल हलत नसेल तर चकत्या काढा.

आर्मचं थोडक्यात: हात सोडल्यावर तो जमिनीला समांतर तरंगायला हवा. रिग अंगापासून दूर पळत असेल तर व्हेस्टच्या सॉकेटचे स्क्रू फिरवा. त्याचा दोष स्लेडला, म्हणजे दांड्याच्या जोडणीला, देऊ नका.

तुमच्या फोटोत एक दिसलं. एचडीएमआय केबल जाड आहे आणि एका बाजूला फुगून लोंबतेय. शिवाय लेन्स झूम केल्यावर बाहेर येणारी आहे, म्हणजे झूम बदललात की पुढचं वजन बदललं. केबल पातळ घेऊन दांड्याला टेपने चिकटवा, झूमची रिंग एका जागी टेपने बांधा आणि मग ड्रॉप टाइम मोजायला घ्या.