शाकारणी आणि न्याहारी

प्रश्न असा आहे : आजीच्या जुन्या वहीत ‘शाकारणीच्या दिवशी गड्यांना न्याहारीला पेज-भाकरी’ असं वाक्य आहे. ‘शाकारणी’ हे ‘साकारणी’चं चुकून झालेलं रूप आहे का? वही टाइप करताना ‘छपराची दुरुस्ती’ आणि ‘नाश्ता’ असे शब्द घातले तर चालतील का?

वहीतलं बरोबर आहे. ‘साकारणे’ हा ‘साकार’वरून, म्हणजे स + आकार, आलेला वेगळा शब्द. शाकारणे म्हणजे छपरावर आच्छादन घालणे, मग ते गवताचं असो, पेंढ्याचं, नारळाच्या विणलेल्या झापांचं की कौलांचं. काही भागांत ‘शेकारणे’ असंही म्हणतात.

मंगलोरी कौल तसं अलीकडचं. बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेचा मंगळूरचा कारखाना 1865 सालचा. त्याआधी घरावर गवत असे, नाहीतर कुंभाराने केलेले अर्धगोल नळे. नळ्यांची एक ओळ उताणी आणि दोन ओळींच्या फटीवर दुसरी पालथी. ते नुसते ठेवलेले असतात, त्यामुळे मांजर, माकड, वारा, कशानेही सरकतात. म्हणून दरवर्षी घर शाकारावंच लागे. ‘दुरुस्ती’ या शब्दात हे दरवर्षीपण येत नाही. दुरुस्ती मोडल्यावर करतात; शाकारणी मृगाच्या आधी, काही मोडलेलं नसलं तरी. मुंबईत पाऊस सुरू होण्याची सरासरी तारीख 11 जून, म्हणजे काम मे महिन्यातच उरकायला हवं.

मंगलोरी कौलांच्या घराची शाकारणी अशी चालते. वरचं कौल खालच्यावर चढलेलं असतं, म्हणून उतरवताना आढ्यापासून, म्हणजे छपराच्या माथ्यापासून, खाली यायचं आणि परत घालताना वळचणीपासून, म्हणजे खालच्या कडेपासून, वर जायचं. कौलाच्या पाठीला असलेली खुंटी रिपेवर, म्हणजे वाशांवर आडव्या ठोकलेल्या लाकडी पट्टीवर, नीट अडकली पाहिजे. कौलाच्या कडेच्या पन्हळीत पाला आणि शेवाळ साचलं की पाणी तुंबून काठावरून आत उतरतं. पुष्कळ घरं फुटलेल्या कौलापेक्षा याच कारणाने गळतात. म्हणून प्रत्येक कौल घासायचं आणि बोटाच्या पेराने वाजवून बघायचं. खणखणीत वाजलं तर चांगलं, बद्द वाजलं तर चीर आहे, डोळ्यांना दिसो न दिसो. चौरस मीटरला साधारण 15 कौलं लागतात, त्यात फुटीसाठी थोडी जास्त धरायची. छप्पर उघडं असतानाच रिपांना आणि वाशांना वाळवी आहे का ते पाहून घ्यायचं. वर चालताना पाय खाली वासा असेल तिथेच टाकायचा. कौलाच्या मध्यावर वजन पडलं की ते फुटलंच. आणि गळती जिथे दिसते तिथे वरचं कौल फुटलेलं असेलच असं नाही. पाणी रिपेवरून, वाशावरून ओघळत हातभर लांब जाऊन टपकतं.

व्याकरणाचं एक सांगायला हवं. शाकारतात ते घर किंवा छप्पर, कौलं परततात. ‘कौलं शाकारली’ असंही लिहिलेलं आढळतं, पण मला ‘घर शाकारलं’ हेच नेमकं वाटतं, कारण क्रिया घरावर होते, कौल हे तिचं साधन. गिरगावातल्या खोताच्या वाडीतल्या कौलारू घरांबद्दल, जुन्या चाळींच्या उतरत्या छपरांबद्दल हा शब्द आजही खुशाल वापरावा. पत्र्यावर निळी ताडपत्री ओढून दोरीने आवळली तर मात्र ती शाकारणी नव्हे. तिथे ‘ताडपत्री घातली’ एवढंच म्हणावं.

आता न्याहारी. हा अस्सल मराठी आणि नाश्ता परका, असा समज आहे. दोन्ही फारसीतून आलेत, आणि दोन्हींच्या मुळाशी अर्थ एकच : सकाळपासून काही न खाल्लेला, उपाशी. न्याहारी फारसी ‘नहार’वरून; हिंदीतलं ‘निहार मुँह’, म्हणजे रिकाम्या पोटी, त्याच नहारचं. फरक पडला तो वापरात. नाश्ता कामावर निघण्याआधी होतो. न्याहारी कष्टकऱ्याची, पहाटेपासून एक पाळी काम झाल्यावर, ऊन चढायच्या आत. शाकारणीत तर हे फार अचूक बसतं, कारण अकरा वाजता कौल हाताला चटके देतं. गडी उजाडताच छपरावर चढतात, आठ-नऊला न्याहारीला उतरतात आणि पुन्हा चढतात. त्यासाठीच पेज. वाटीभर उकड्या तांदळाला सात-आठ वाट्या पाणी, दाणा फुटेपर्यंत शिजवायचं, मीठ शेवटी. घामाने गेलेलं पाणी आणि मीठ एका वाडग्यात परत मिळतं. जोडीला तांदळाची किंवा नाचणीची भाकरी, कांदा, लसणीची चटणी.

तेव्हा दोन्ही शब्द आहेत तसेच ठेवा. टीप द्यायचीच तर ‘गडी’ला द्या : इथे अर्थ कामकरी पुरुष, सवंगडी नव्हे.